उलट्या अक्षरांचं औंध

आजीच्या बटणांच्या डब्यात शिशाचा एक खिळा होता. भिंतीत ठोकायचा नव्हे, छापखान्यातला. पेरभर उंच, चौकोनी अंगाचा, डोक्यावर एक उलटं अक्षर. सुट्टीला आजोळी गेलं की मी पहिल्यांदा तो डबा उपडा करायची. तुटकी बटणं, हूक, दोन भोकाचे पैसे, तुटलेल्या पोतीचे मणी आणि हा खिळा. अक्षर कुठलं ते मला कधी लागलंच नाही. त्याच्या माथ्यावर आणखी एक बारीक उभी रेघ होती, आणि तशी रेघ आमच्या परळच्या शाळेतल्या पुस्तकात कुठल्याच अक्षरावर नव्हती. आजीला विचारलं तर म्हणायची, "आण्णांचं हाय ते. येदातलं हाय. ठेव जागच्या जागी."

बटणांच्या डब्यात वेद. औंधात असं चालायचं.

औंध म्हटलं की पुण्याची माणसं विद्यापीठापलीकडचं औंध समजतात. आमचं ते नव्हे. आमचं औंध सातारा जिल्ह्यातलं, खटाव तालुक्यातलं, साताऱ्याहून पूर्वेला पंचेचाळीसएक किलोमीटरवर. माझ्या लहानपणी मुंबईहून निघालं की पुण्याला गाडी बदलायची, मग मीटरगेजची छोटी गाडी रमतगमत रहिमतपूर स्टेशनाला टेकायची. तिथून एस.टी. मिळाली तर मिळाली, नाहीतर कुणाची बैलगाडी. रहिमतपूर मागं पडलं की उसाचे मळे पातळ होत जायचे आणि माळ सुरू व्हायचा. पिवळा, उघडा, मधेच एखादी बाभळ. आई पदर सावरून बसायची आणि म्हणायची, "आलं गं माझं गाव." मला बाहेर काहीच आलेलं दिसायचं नाही. मग एका वळणावर टेकडी दिसायची, टेकडीच्या माथ्यावर तटबंदी, तटात शिखर. आईचे हात आपोआप जोडले जायचे.

आमच्याकडं पाऊस का पडत नाही याचं आजीचं म्हणणं ठरलेलं होतं. पाऊस पश्चिमेकडनं निघतो, वाटेत महाबळेश्वरला देवाला थांबतो, आणि सगळा प्रसाद तिथंच वाटून मोकळ्या हातानं आपल्याकडं येतो. पुढं भूगोलाच्या बाईंनी पर्जन्यछायेचा प्रदेश शिकवला तेव्हा मला ते नवीन वाटलं नाही. महाबळेश्वरला अडीचशे इंच आणि खटाव-माणात वीस इंच झाला तरी माणसं खूष. त्यामुळं आमच्या आजोळचं सगळं पाण्यावरनं ठरलेलं: कुठल्या घरी मुलगी द्यायची ते विहिरीवरनं, जेवायला काय ते आडातल्या पाण्यावरनं. बाजरी, मटकी, हुलगा. पाऊस बरा झाला तर शाळू. हुलग्याचं माडगं ज्यानं खाल्लं नाही त्याला माणदेश-खटाव कळायचा नाही, असं माझं मत आहे. हुलगा भाजून, भरडून, दळून केलेलं ते दाटसर पिठलं म्हणावं तर पिठलं नाही, कढण म्हणावं तर कढण नाही. आजी त्यात लसूण ठेचून टाकायची. थाटलीत भाकरी कुस्करायची आणि वर माडगं. "कोरड्यास काय?" असं मामानं विचारलं आणि आजी "माडगं" म्हणाली की मामाचं तोंड उतरायचं, माझं फुलायचं. मी मुंबईची, पाहुणी. त्याच्या वाट्याला ते आठवड्यातनं चार दिवस.

टेकडीवरची देवी यमाई. औंध संस्थानाच्या राजांची, म्हणजे प्रतिनिधींची कुलस्वामिनी, आणि महाराष्ट्रातल्या कितीतरी घराण्यांचीही. आजीची कथा अशी की इथं औंधासुर नावाचा राक्षस माजला होता. वाडी रत्नागिरीचा जोतिबा त्याच्याशी लढायला निघाला, त्यानं देवीला हाक मारली, "ये माई!" आणि ती आली. म्हणून यमाई. आणि औंधासुराचं गाव म्हणून औंध. यात व्युत्पत्ती किती आणि भक्ती किती ते पंडितांनी बघावं. लहानपणी मला एवढंच आवडायचं की देवाला राक्षस आवरला नाही आणि त्यानं बहिणीला बोलावलं. आजी हे सांगताना मामाकडं बघायची. मामाचं सगळं आईनंच निस्तरलेलं होतं, ते आम्हा सगळ्यांना ठाऊक.

पौषात यात्रा. भोगीची बाजरीची भाकरी आणि तिळकूट संपतं न संपतं तोच रथाची गडबड. आमच्याकडं तिळाला हावरी म्हणतात. हावरी लावलेली भाकरी, गाजर-पावट्याची मिसळीची भाजी आणि वर लोण्याचा गोळा. मुंबईत मी हावरी म्हटलं की मैत्रिणी म्हणायच्या, कोण हावरी?

आता संस्थानाकडं यायला हवं, नाहीतर मी खाण्यातच अडकेन.

छत्रपती राजाराम महाराज जिंजीला असताना प्रतिनिधी हे पद निघालं. पुढं ते किन्हईच्या परशुराम त्र्यंबकांकडं आलं आणि त्यांच्या घराण्यात राहिलं. इंग्रजांच्या काळात उरलं ते औंध संस्थान. नकाशावर बघितलं तर हसू येतं. गोधडीला लावलेल्या ठिगळांसारखं. औंध इथं, किन्हई तिकडं कोरेगावाकडं, कुंडल दक्षिणेला, आटपाडी माणदेशात, आणि गुणदाळ तर थेट विजापूर जिल्ह्यात. मधे सगळा इंग्रजांचा मुलूख किंवा दुसरं कुठलं संस्थान. सगळं मिळून ५०१ चौरस मैल. आण्णा म्हणायचे बहात्तर गावं. म्हणायचे तेही असं, की जणू त्यांनी स्वतः मोजली होती.

आण्णा म्हणजे माझे आजोबा, आईचे वडील. आणि राजेसाहेब म्हणजे भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी. १९०९ साली गादीवर आले ते संस्थान विलीन होईपर्यंत. आमच्या घरात त्यांचा उल्लेख म्हाताऱ्या नातेवाइकासारखा व्हायचा. "राजेसायेब असते तर हे खपवून घेतलं नसतं," हे वाक्य नळाला पाणी न येण्यापासून मामाच्या बिडीपर्यंत कशालाही लागायचं. राजा चित्रं काढायचा, स्वतः उभा राहून कीर्तन करायचा, अजिंठ्याच्या लेण्यांवर त्यानं पुस्तक केलं, १९३५ साली इंदूरच्या साहित्य संमेलनाचा तो अध्यक्ष होता. पण औंधाच्या पोरांना तो माहीत होता तो सूर्यनमस्कारांमुळं. संस्थानातल्या शाळांत नमस्कार सक्तीचे. मुलींनाही. मामा सांगायचा, थंडीच्या दिवसांत पटांगणातली फरशी इतकी गार असायची की कपाळ टेकवायच्या जागी पोरं नुसती हनुवटी दाखवून वर यायची आणि मास्तर पाठीवर हात ठेवून पुन्हा खाली दाबायचे. मामाच्या जन्मवर्षाचा हिशेब केला तर तो शाळेत जाईपर्यंत संस्थान संपत आलेलं असणार. म्हणजे ही आठवण त्याची की त्याच्या थोरल्या भावाची, देव जाणे. आमच्या घरात आठवणीही एकमेकांच्या अंगावरच्या कपड्यांसारख्या फिरायच्या, थोरल्याच्या धाकट्याला. आजी मात्र नमस्कारांना नाक मुरडायची. "बायामान्सांचं नमस्कार जात्यावर व्हत्यात," म्हणायची.

त्या गावात त्या काळी काय माणसं गोळा झाली होती! लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगाव सोडावं लागलं तेव्हा १९१० साली याच राजानं त्यांना कुंडलच्या माळावर जागा दिली. निवडुंग आणि साप यांखेरीज तिथं काही नव्हतं, त्याची किर्लोस्करवाडी झाली. पालगडहून एक गरीब पोरगा शिकायला औंधला आला, हातानं स्वयंपाक करून शिकला, पण गावात प्लेग आला आणि त्याला निघावं लागलं. पुढं तो साने गुरुजी झाला. गदिमा इथल्या शाळेत होते. अंतुबुवा जोशी दरबारात गायचे. त्यांनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेला संगीताचा उत्सव अजून आश्विन वद्य पंचमीला होतो. आण्णा तो बाहेर कट्ट्यावर बसून ऐकायचे. आत जायला कुणी अडवत नव्हतं, पण ते म्हणायचे, आत बसलं की मान हलवावी लागते, बाहेर नुसतं ऐकता येतं.

आणि पंडित सातवळेकर. इथं आमच्या घराचा धागा सुरू होतो.

श्रीपाद दामोदर सातवळेकर मूळचे सावंतवाडीकडचे, तेही चित्रकार. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेले, हैदराबादला, लाहोरला चित्रांवर पोट भरलेलं, वेदांवरच्या एका लेखापायी इंग्रजांचा तुरुंगही बघितलेला. पहिलं महायुद्ध संपता संपता ते औंधला आले आणि त्यांनी स्वाध्याय मंडळ काढलं. चित्रकार राजा आणि चित्रकार पंडित, दोघांचं जमलं असावं. औंधासारख्या गावात, जिथं उन्हाळ्यात प्यायच्या पाण्याची पंचाईत, तिथं वेदांच्या संहिता छापल्या जाऊ लागल्या. 'पुरुषार्थ' मासिक निघू लागलं. पुस्तकांची पार्सलं बैलगाडीनं रहिमतपूर स्टेशनाला जायची आणि तिथून सगळ्या हिंदुस्थानात.

आण्णा त्या छापखान्यात खिळे जुळवायला लागले तेव्हा सोळा-सतरा वर्षांचे असतील. घरची चार एकर जिराईत, वरचा भाऊ मुंबईला गिरणीत, धाकट्याला कुठंतरी चिकटवायचा म्हणून चिकटवलं. संस्कृताचा गंध नाही. पण डोळा चांगला आणि हात हलका. साधी मराठी जुळवायची तर केसमधला खण हाताला सवयीनं सापडतो. वेदाचं तसं नाही. अक्षराला स्वर असतो. अनुदात्त असेल तर अक्षराखाली आडवी रेघ, स्वरित असेल तर डोक्यावर उभी रेघ, उदात्त असेल तर काहीच नाही, कोरं. एक रेघ इकडची तिकडं झाली की मंत्राचा अर्थ फिरला, अशी तिथली धास्ती. आण्णा सांगायचे, "अर्थ मला कुठं ठाव हुता? पन रेघ चुकली की पोटात गोळा यायचा." डाव्या हातात खिळे लावायची स्टिक, उजव्या हातानं एकेक खिळा उचलायचा, खाचेवर बोट फिरवून सुलटा-उलटा ओळखायचा, लावायचा. संध्याकाळी घरी आल्यावर त्यांच्या बोटांची टोकं काळी असायची आणि आजी त्यांना राखेनं हात घासायला लावल्याशिवाय भाकरीला हात लावू द्यायची नाही. शिसं पोटात गेलं की माणूस वाळतो हे तिला कुणीतरी सांगितलं होतं. बरोबरच सांगितलं होतं.

झिजलेले, कान तुटलेले खिळे वितळवायला वेगळे काढायचे. त्यातले काही आण्णांच्या खिशातून घरी यायचे. चोरी म्हणा. आजी म्हणायची, "चोरी कसली, इसरून यायची." त्या खिळ्यांशी खेळत खेळत आजी अक्षरं शिकली. म्हणजे असं आईनं मला सांगितलं. चुलीपुढं बसून आण्णा एक खिळा तिच्या तळहातावर ठेवायचे, हा क, हा ग. आणि खिळ्यावरचं अक्षर असतं उलटं, आरशात बघितल्यासारखं. त्यामुळं आजीला आधी सगळी अक्षरं उलटीच आली. ग चा काना डावीकडं. हे कित्येक महिने दोघांच्याही लक्षात आलं नाही. आण्णांना दिवसभर उलटंच बघायची सवय, आणि आजीला सुलटं कसं असतं ते ठाऊकच नाही.

लक्षात आलं ते १९३९ साली, राज्यघटनेच्या वेळी.

ही गोष्ट पुस्तकांत आहे आणि आमच्या माजघरातही आहे, दोन्हीकडं थोडी वेगवेगळी. पुस्तकांतली अशी: राजेसाहेबांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत विलायतेहून शिकून आले. त्यांच्या जोडीला मॉरिस फ्रीडमन नावाचे पोलंडचे इंजिनियर. ते भगवी कफनी घालायचे, गांधीजींनी त्यांना भारतानंद म्हटलं. राजानं ठरवलं की आपली सत्ता रयतेला देऊन टाकायची. बापलेक आणि फ्रीडमन गांधीजींकडं वर्ध्याला गेले, घटना तयार झाली आणि १९३९च्या जानेवारीत औंधात स्वराज्य आलं. गावोगाव पंचायती. देशाला ते यायला अजून साडेआठ वर्षं होती. राजानं आपण होऊन अधिकार सोडला, हे नुसतं म्हणायला सोपं आहे. आमच्याकडं वाटणीत विहिरीचा चौथा हिस्सा सोडताना भावाभावांत कुऱ्हाडी निघतात.

माजघरातली अशी: दवंडी आली, की आता राज्य आपलं. आजीला वाटलं राजेसाहेब वारले. दवंडी म्हटल्यावर तिला दुसरं काय सुचणार? तिनं पदर डोळ्याला लावला. मग आण्णांनी समजावलं की वारले नाहीत, देऊन टाकलं. "का? असं काय झालं त्यान्ला?" मग कळलं की पंचायतीला मत द्यायचं, बायकांनीही. पण ज्याला लिहिता-वाचता येतं त्यानंच द्यायचं, तशी गांधीबाबांची अट आहे. गावात रात्रीचे वर्ग निघाले, कंदील लावून. म्हातारे धुळीत बोटानं गिरवायला लागले. आजीची ऐट अशी की आपल्याला येतंच. ती सरळ परीक्षेला गेली, मास्तरांनी पाटी पुढं केली आणि तिनं ठसठशीत आपलं नाव काढलं, सगळं उलटं. मास्तर बघत राहिले. मग म्हणे त्यांनी पाटी उचलली, शेजारच्या घरातनं आरसा मागवला, पाटी आरशापुढं धरली आणि म्हणाले, "पास."

मामा म्हणतो हे सगळं झूट आहे. उलटं लिहिणारी आजी नव्हेच, ती आण्णांची चुलत वहिनी. आजी पुढं कंदिलाच्या वर्गात शिकली. आणि आरसाबिरसा काही नव्हता, मास्तरांनी नापास करून पुन्हा बसवली. आईनं मरेपर्यंत आरसा सोडला नाही. मी दोघांचंही मांडून ठेवते. एवढं मात्र मी डोळ्यांनी बघितलंय की म्हातारपणी आजी सही करायची तेव्हा पेन टेकवण्याआधी क्षणभर थांबायची आणि डाव्या-उजव्या बाजूला बोट हलवून बघायची, रस्ता ओलांडणाऱ्या माणसासारखी.

बेचाळीसबद्दल आमच्या घरात फार काही नाही. साताऱ्यातल्या प्रत्येक घरानं क्रांतिसिंह नाना पाटलांना एक रात्र जेवू घातलेलं आहे, तसं आमच्याही. काय जेवले? माडगं. सगळीच घरं खरं बोलत असतील तर त्या माणसाला दिवसातनं तीस वेळा जेवावं लागलं असतं. खरं आहे ते एवढं, की कुंडल संस्थानात, आणि संस्थानाच्या हद्दीत इंग्रजी पोलिसाला मनाला येईल तसं शिरता येत नव्हतं, राजाही डोळेझाक करायचा. नाना पाटलांच्या पत्री सरकारच्या माणसांना ती ठिगळं बरी पडली. नकाशावर हसू येतं म्हटलं ना मी, तेव्हा ते हसण्यावारी नव्हतं. आणि खरा आहे ९ सप्टेंबर १९४२चा वडूजचा मोर्चा. औंधापासून जवळच. कचेरीवर तिरंगा लावायला निघालेल्यांवर गोळीबार झाला, नऊ माणसं गेली. आण्णांचा एक भाचा त्या मोर्चात होता. तो रात्री घरी आला, काही बोलला नाही, पाणी मागितलं आणि तांब्या हातात धरून तसाच बसून राहिला. आजी म्हणायची, तांब्यातलं पाणी सकाळी तसंच होतं.

मग अठ्ठेचाळीस. गांधीजी गेले आणि सातारा जिल्ह्यात, आसपासच्या संस्थानांत ब्राह्मणांची घरं जळाली. किर्लोस्करवाडीचा कारखाना पेटवला. ज्या माणसाच्या अटीवर आमची आजी लिहायला शिकली त्याच्याच नावानं. आण्णा या चार दिवसांबद्दल बोलत नसत. विचारलं तर उठून गोठ्यात जायचे. पुढं मार्चात संस्थान मुंबई इलाख्यात विलीन झालं. त्याच वर्षी ऐंशीच्या घरातले पंडितजी स्वाध्याय मंडळ घेऊन गुजरातेत पारडीला गेले. तिथं पुन्हा उभं केलं सगळं आणि शंभरी ओलांडून १९६८ साली वारले. राजेसाहेब १९५१ला गेले. अप्पासाहेब नैरोबीला, गंगटोकला, पुढं लंडनला देशाचे प्रतिनिधी झाले. प्रतिनिधींच्या घरातला माणूस प्रतिनिधी झाला, असं आण्णा म्हणायचे. त्यांच्या आयुष्यातला हा एवढाच विनोद.

आण्णांना पारडीला चला म्हणाले होते. ते गेले नाहीत. कारण काय, यावर घरात तीन मतं आहेत. आई म्हणायची, जमिनीसाठी. मामा म्हणतो, गुजराती जेवण गोड असतं म्हणून. आजी म्हणायची, "मी न्हाई म्हनले." मग वडूजच्या एका छापखान्यात ते लग्नपत्रिका जुळवायला लागले. अनुदात्त-स्वरित सांभाळणारा हात 'आमच्या येथे श्रीकृपेकरून' लावू लागला. एकदा त्यांनी नवऱ्यामुलाच्या जागी त्याच्या बापाचं नाव लावलं आणि पाचशे पत्रिका छापून झाल्यावर कळलं. तो खर्च त्यांच्या पगारातनं कापला. "येदात कदी चूक न्हाई झाली," एवढंच ते म्हणाले. त्यानंतर थोड्याच वर्षांत त्यांनी डोळ्यांचं निमित्त करून काम सोडलं.

मी त्यांना बघितलं ते असे: उन्हात पाय पसरून बसलेले, गुडघ्यावर वर्तमानपत्र. ते वाचत नसत. नुसतं बघत आणि मधेच नखानं एखाद्या अक्षराखाली खूण करत. काय केलंत विचारलं तर म्हणायचे, "खिळा हाललाय." अजून मला पेपरात वाकडं अक्षर दिसलं की बातमी राहते बाजूला.

१९७२चा दुष्काळ मात्र माझ्या स्वतःच्या डोळ्यांतला. मी चौदा वर्षांची. त्या मे महिन्यात आईनं मला आजोळी न्यायला नको होतं, पण आजी एकटी होती, आण्णा आदल्या वर्षीच गेलेले. विहिरीच्या तळाशी चिखल होता आणि चिखलाला भेगा. बैल विकलेले. आजी साठीच्या जवळची बाई, दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. डोक्याला फडकं, हातात हातोडी, पुढ्यात दगडांची रास. मीही गेले दोन दिवस, बोट चेचून घेतलं आणि घरी बसले. सुकडी मिळायची, ती मला आवडायची. मिलोची लाल भाकरी कुणालाच आवडायची नाही. मोडली की भुसभुशीत, चावली की रबर. आजी तिला "ही परदेशी बया" म्हणायची.

पगाराच्या दिवशी बायकांची रांग. मुकादमापुढं मस्टर, शाईची गादी. एकेक बाई अंगठा उठवायची आणि बोट डोक्याच्या फडक्याला पुसत बाजूला व्हायची. आजीची पाळी आली. मुकादमानं न बघताच तिचा अंगठा धरला आणि गादीकडं नेला. आजीनं हात सोडवून घेतला. म्हणाली, "पेन." तो पोरगा गोंधळला, कानावरचं पेन काढून दिलं. आजी थांबली, डावीकडं बोट हलवलं, उजवीकडं हलवलं आणि सुलटं नाव लिहिलं. रांगेत मागं कुणीतरी म्हणालं, "म्हातारी संस्थानातली हाय." त्या आठवड्याची मजुरी किती होती ते मला आठवत नाही. इतकी कमी होती की आठवावी असं वाटत नसेल.

यमाईच्या टेकडीच्या वाटेवर राजेसाहेबांनी १९३८ साली बांधलेलं भवानी संग्रहालय आहे. रविवर्म्याची चित्रं, धुरंधरांची चित्रं, हस्तिदंताचं काम, विलायतेच्या चित्रांच्या नकला. एवढ्याशा गावात हे बघून परगावची माणसं चकित होतात. आजीला मी पहिल्यांदा तिथं नेलं तेव्हा ती सत्तरीची होती. गावात जन्म काढला, पण आत कधी गेली नव्हती. रविवर्म्याच्या बायकांकडं बघून म्हणाली, "लुगडी चांगली हायत." एका दगडापुढं ती थांबली. इंग्लंडच्या हेन्री मूरचं शिल्प. तो जगातला केवढा मोठा शिल्पकार हे मलाही तेव्हा माहीत नव्हतं. आजीनं ते नीट निरखलं आणि म्हणाली, "ह्यो वरवंटा कुनी अर्धाच सोडला?" पुढं मुंबईत एकदा मूरवर व्याख्यान ऐकलं. वक्ते दीड तास बोलले. आजीच्या पुढं ते गेले असं मला वाटलं नाही.

गावात हत्ती होता, गजराज. यात्रेत मिरवणुकीपुढं चालायचा. आजोळी पोचल्या दिवशीच आजी आम्हाला त्याच्याकडं न्यायची, पदरात भाकरी बांधून. अर्धी भाकरी सोंडेत, अर्धी आमच्या हातात, कारण नुसतं देवाला घातलं की पोरं रुसतात. सोंडेचं टोक तळहाताला लागलं की ओलं, गार, आणि आतनं ऊन वाफ. पन्नासएक वर्षं तो गावात होता. वय झालं, पाय दुखावले. २०१७ साली त्याला उपचारांसाठी मथुरेला नेलं. मामानं रात्री फोन केला. इतक्या वर्षांत त्याचा आवाज असा मी फक्त आजी गेली तेव्हा ऐकला होता. "न्हेला गं त्याला," म्हणाला. "गाडीत चढंना."

त्याच्या पुढच्या पौषात मी आईला घेऊन यात्रेला गेले. आई तेव्हा पंच्याऐंशीची, गुडघ्यांनी बेजार. आता टेकडीवर गाडी जाते, त्यामुळं देवीचं दर्शन तरी झालं. खाली आल्यावर म्हणाली, चल, जाऊन येऊ. कुठं ते मी विचारलं नाही. हत्ती उभा राहायचा त्या जागेपाशी आम्ही गेलो. साखळदंडाची खूण जमिनीत अजून होती, पोरं तिथं विटीदांडू खेळत होती. आईनं पदराची गाठ सोडली. आत बाजरीची अर्धी भाकरी, हावरी लावलेली. तिनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. मग भाकरीचे दोन तुकडे केले, एक माझ्या हातात दिला, आणि दुसरा पुन्हा गाठीत बांधला.